जहाजाच्या नाकाखाली

आमचे घरमालक देवघरे काका वळण्याआधी शिट्टी वाजवतात. तेही पायी चालताना. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले की गळ्यातली पितळी शिट्टी ओठांत धरतात. एक शिट्टी म्हणजे उजवीकडे वळतोय. दोन म्हणजे डावीकडे. तीन म्हणजे मागे येतोय. आणि लागोपाठ पाच म्हणजे, तुमचं काय चाललंय ते मला कळत नाही. गोल बाजारात त्यांना बहुतेक पाचच वाजवाव्या लागतात.

काका आयुष्यभर मालवाहू जहाजांवर खलाशी होते. रायपूरचा माणूस समुद्रावर कसा गेला, असं विचारलं की म्हणतात, "घरचे सारे रेल्वेत. मले रुळावरून चालायचं नोतं." निवृत्त होऊन आले ते समुद्राचे कायदे सोबत घेऊनच. दोन जहाजं समोरासमोर आली तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे व्हायचं, हा तिथला नियम. आपल्या रस्त्याचा नियम डावीकडचा. त्यामुळे ब्राह्मणपाऱ्यातल्या अरुंद गल्लीत समोरून स्कूटर आली की काका आपल्या उजवीकडे सरकतात, स्कूटरवाला त्याच्या डावीकडे सरकतो, आणि दोघे बरोबर एकमेकांपुढे येऊन थांबतात.

"बाबूजी, आपको जाना किधर है?"

काका पाच शिट्ट्या वाजवतात.

भाजी घेऊन परतले की काकू दारातूनच विचारतात, "लागलं काय जहाज धक्क्याले? का कोथिंबीर बुडवून आले वाटेत?"

मी डोंगरगडजवळच्या एका लहान गावातून शिकायला आले आणि काकांच्या वरच्या खोलीत राहिले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मला मोठा रस्ता ओलांडायचा धीर होईना, तेव्हा काकांनीच पलीकडे नेलं. एक ट्रक धडधडत गेला, तसा माझा हात धरून म्हणाले, "पोट्टी, ध्यानात ठेव. आपण लहान नाव. मोठ्याले थांबता येत नाही. तो वाईट नसते, जड असते."

त्यांचे उपकार मी विसरणार नाही, पण हे वाक्य मला पटत नसे. लहानानंच का बाजूला व्हायचं? मी स्वतः लहान जागेतून आलेली. आमच्याकडे सगळे बाजूलाच होत आले होते. आता मी शाळेत शिकवते, राहते त्याच खोलीत, आणि अजूनही कधी कधी त्यावर विचार करते.

खारून नदीवर, महादेव घाटाजवळ समारू नावाचा एक म्हातारा कोळी डोंग्यातून जाळं टाकतो. त्याच्या डोंग्यावर आता बांबूला लाल कापड बांधलेलं असतं. ते कसं लागलं, ते सांगते.

मागच्या हिवाळ्यात तिथे सहलीसाठी दुमजली लाँच सुरू झाली. वरच्या मजल्यावर पुढे खुर्च्यांच्या रांगा, मागे चालकाची केबिन, आणि मोठ्या आवाजात गाणी. समारूचं जाळं असायचं नेमकं मधल्या खोल पाण्यात. काका दर रविवारी मला घेऊन घाटावर जायचे. सोबत लांबून दिसेल असा उंच बांबू आणि काकूंच्या जुन्या परकराचं लाल कापड.

"लगा ले रे ये डोंगे पे. और बीच में मत बैठ."

"झंडा तो नेता मन लगाथें, बबा," समारू त्याच्या छत्तीसगढीत हसायचा, झेंडे काय ते पुढाऱ्यांनी लावावेत. "मैं मछरी धरइया. अउ नदिया लाँचवाला के ददा के हे का?"

"वो रुक नहीं सकता, समझता काहे नहीं?"

"मोला देख के रुकही." आपल्याला बघून तो थांबेलच, याची समारूला खात्री.

"वो तुझको देखेगाच नहीं!"

"पाँच फुट के मनखे ला नइ देखही? अंधरा हे का?"

मनातून मी समारूच्या बाजूची होते.

एका रविवारी लाँच वळून आली ती थेट डोंग्यावर. वरचे लोक किंचाळले तेव्हा कुठे चालकाला कळलं. हातभर अंतरावरून लाँच गेली. डोंगा हेलकावत राहिला. समारूनं ओलं डोकं पुसलं आणि हसून हात हलवला. काका मात्र घाटाच्या पायरीवर बसले. गळ्यातली शिट्टी मुठीत धरून सांगू लागले.

"नोकरीतली गोष्ट. मी जहाजाच्या नाकावर, म्हंजे पार पुढच्या टोकावर, पहाऱ्याले होतो. सकाळचं धुकं होतं. पुढं काळा ठिपका दिसला. लाकूड असन म्हणून चूप राह्यलो. दोन-तीन मिनिटं. मंग त्या लाकडावर एक माणूस उभा झाला."

"मग?"

"वर कप्तानाले कळवलं. त्यायनं वळवलं. पण जहाज काय सायकल आहे? नाव नाकाखाली गेली. मी डाव्या कठड्यानं मागं पळालो. तिकून काहीच निघालं नाही." त्यांनी हेलकावणाऱ्या डोंग्याकडे पाहिलं. "उजवीकून निघाली असन."

"शोधलं नाही?"

"परतून लय शोधलं. काहीच नाही भेटलं. काही नाही भेटलं म्हणजे वाचला, असं सारे म्हणत. मीबी म्हणतो." मग शिट्टी सदऱ्याच्या आत टाकत म्हणाले, "काकूले नको सांगू. तिले वाटते, मी गमतीनं वाजवतो."

पुढच्या रविवारी काकांनी चालकाची परवानगी काढली. प्रवासी यायच्या आधी, लाँच घाटाला बांधलेली असताना, समारूला केबिनमध्ये चालकाच्या जागेवर बसवलं.

"तू बैठ. मैं तेरा डोंगा लेके सामने आता. बोलते रहना, दिखता के नहीं."

समारू खूश. त्यानं दोनदा भोंगा वाजवला. मी शेजारी उभी. काका वल्हवत समोरून येऊ लागले.

"दिखत हे," समारू म्हणाला. "दिखत हे. बबा के टोपी भर दिखत हे." आता फक्त टोपी उरली होती. मग तो उठून उभा राहिला. मान लांब केली. "ए दीदी, अब तो नइ दिखत हे."

समोर खुर्च्या होत्या, कठडा होता आणि त्यापलीकडे रिकामं पाणी.

"बबा! ए बबा!"

समारूचं हसू गेलं. "जा दीदी, देख तो!"

मी खुर्च्यांमधून धावत पुढे गेले आणि कठड्यावरून वाकले. काका अगदी खाली होते. वल्ही आत ओढलेली, एक तळवा लाँचच्या लोखंडावर टेकलेला, आणि मान मागे टाकून ते वर पाहत होते.

"काका! बोलून काहून नाही राहिले?"

"इथून कसं दिसते ते पाहून राहिलो," ते म्हणाले. "लय उंच आहे, बाप्पा."

डोंगा हलत होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी दिसून राहिलो काय तुले?"

"हो काका. पूर्ण दिसताय."

"मंग सांग ना त्याले," काकांचा आवाज एकदम चढला. "पाहत काय उभी राह्यली? लवकर सांग!"

मी केबिनकडे वळले आणि छातीत होता तेवढा जोर लावून ओरडले, "सामने आदमी है!"

लाँच दोरांनी घाटाला बांधलेली होती. तरी समारूनं दोन्ही हातांनी चाक धरलं आणि फिरेल तेवढं फिरवलं.