पंच्याण्णव कितीपैकी?

शर्नेल लेझामाला ह्या खेपेला एकच गोष्ट करायची होती. तोंड बंद ठेवायचं.

लेखी परीक्षेत ती मागची दोन्ही वर्षं पहिल्या दहांत होती, आणि दोन्ही वर्षं ग्रुप मुलाखतीत आपटली होती. सहा उमेदवारांना गोल बसवायचं, एक प्रश्न द्यायचा, आणि कोण कसं वागतं ते परीक्षकांनी कोपऱ्यात बसून वहीत टिपायचं, अशी ही मेडिकल कॉलेजची मुलाखत. शर्नेलच्या नावापुढे पहिल्या वर्षी शेरा पडला, 'दुसऱ्यांना बोलू देत नाही.' दुसऱ्या वर्षी पडला, 'परीक्षकांनाही बोलू देत नाही.' यंदाची तिसरी खेप शेवटची होती. चौथी संधी कॉलेज कोणालाच देत नसे.

"अख्ख्या अरिमा गावाला सांगून बसलेय मी, भाची डॉक्टर होणार म्हणून," बेक, म्हणजे मैद्याच्या जाड पुऱ्या, तळता तळता टँटी मर्ल म्हणाली. शर्नेलला तिनंच लहानाची मोठी केली होती, ती ह्याच बेक आणि खाऱ्या माशाच्या गाडीवर. "तू तोंड आवर बाई, नाहीतर मला तोंड लपवावं लागेल."

"टँटी, तू निर्धास्त राहा. भिंतींना कान असतात ना, त्या भिंतीसुद्धा आज माझ्याकडून शिकतील."

ही खात्री उगाच आली नव्हती. तीन महिने ती फिट्झरॉय मास्तरांच्या शिकवणीला जात होती. आधी दुसऱ्याला बोलू द्या, प्रत्येकाला नावानं हाक मारा, कोपऱ्यात गप्प बसलेल्याला बोलतं करा, असं मास्तरांनी तिच्याकडून घोकून घेतलं होतं. शेवटच्या दिवशी तर त्यांनी दार लावून घेतलं आणि आतल्या गोटातली बातमी दिली, "यंदा ग्रुपमध्ये खोटे पेशंट बसवणार आहेत. नट असतील. ओळखलंत तरी चेहऱ्यावर दाखवू नका." मास्तरांच्या बातमीला आगापिछा नसायचा, पण शिकवणीची फी घेतल्यावर माणूस खोटं कशाला बोलेल, असं शर्नेलला वाटलं.

आता कॉलेजच्या एका नियमाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा त्यानंच केला. बेट एवढंसं. इथे दोन अनोळखी माणसं भेटली, की तिसऱ्या वाक्याला "कोणाची गं तू?" आणि पाचव्या वाक्याला काहीतरी नातं निघणारच. मग परीक्षक आपल्याच मावसबहिणीच्या नातवाला मार्क देऊन मोकळे! म्हणून कॉलेजनं कडक नियम केला होता. यादीत फक्त आडनाव आणि एक अक्षर. परीक्षकांनी नाव, गाव, वय, घराणं, काही म्हणजे काही विचारायचं नाही.

पोर्ट ऑफ स्पेनच्या त्या इस्पितळात शर्नेल सकाळी वेळेवर पोचली. फाटकावरच्या बाईच्या हातात दोन कागद होते.

"नाव?"

"लेझामा, एस."

"ग्रुपला आलीस?"

"ग्रुपलाच."

बाईनं वरच्या कागदावर बोट फिरवलं, लेझामा एस. सापडलं, खूण केली, नावाची चिठ्ठी हातात दिली. "दुसरा मजला, डावीकडे शेवटची खोली. पळ, सुरू होतंय."

दारातच सिस्टर एगार्ड उभ्या होत्या. त्यांनी शर्नेलच्या हातातली चिठ्ठी बघितली, "लेझामा ना?" म्हणाल्या आणि काही कळायच्या आत तिच्या बोटाला टच्‌कन सुई टोचली. रक्त बघून घाबरते का ते पाहताहेत, हे शर्नेलनं लगेच ताडलं आणि छान हसून दाखवलं.

"एवढ्याशा वयात!" सिस्टर हळहळल्या. "घरात आणखी कुणाला आहे?"

"नाही. घराण्यात मीच पहिली."

"एकदा मागे लागलं की जन्मभर सुटत नाही हं."

"सुटू नये हीच इच्छा आहे, सिस्टर. मी पूर्ण तयारीनं आलेय."

असा पेशंट सिस्टरनी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी भरल्या डोळ्यांनी तिला आत नेऊन बसवलं.

खोलीत आठ खुर्च्या गोल मांडलेल्या. त्यांवर साठीच्या पुढची सात माणसं, छातीवर नावाच्या चिठ्ठ्या. शर्नेल मनात म्हणाली, मास्तर, तुमचे पाय धुऊन पाणी प्यायला हवं. सगळेच्या सगळे नट! बाकीचे उमेदवार एकेकटे वेगळ्या खोल्यांत असणार. ती मागे टेकून बसली, हात मांडीवर ठेवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला लागली.

आणि ऐकण्यासारखं चाललं होतं खरं! मिस युलाली रडत रडत सांगत होत्या, की गोड सोडून त्यांना दोन वर्षं झाली. रडतानाच त्यांनी पिशवीत हात घातला आणि काकवी-खोबऱ्याचा काळा गोळा, म्हणजे अस्सल टूलम, शेजारणीच्या हातात सरकवला.

"मिस युलाली," शर्नेल मऊ आवाजात म्हणाली, "तुम्ही फार सोसलंय. पण हे टूलम विकायला आहे का?"

"पाच डॉलरला तीन, डूडू पोरी. सिस्टरला सांगू नकोस."

सगळे खो खो हसले. मिस युलालींनी डोळे पुसले आणि पिशवी आपणहून सिस्टरच्या टेबलावर नेऊन ठेवली. काय लिहिलेत संवाद, शर्नेलला वाटलं.

मग तिला कोपऱ्यात गप्प बसलेला माणूस सापडला. अंकल बॉयसी, एका पायात बूट, एका पायात चप्पल. गप्प माणूस म्हणजे दहा मार्क! तिनं खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"अंकल बॉयसी, तुमचं ऐकायला आवडेल मला."

"माझं काय ऐकायचंय? झ्याक आहे सगळं."

"मग चप्पल एकाच पायात का?"

अंकलनी इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच पाय पुढे केला. अंगठा काळानिळा, खालून चिघळलेला. शर्नेल खाली वाकली, अंगठा दाबला. "दुखतं?"

"छे. काही कळतच नाही."

"वा!" शर्नेल न राहवून म्हणाली. "आणि वाससुद्धा! कमाल आहे तुमची."

अंकल बॉयसींच्या अंगठ्याचं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. ते जरा सैलावले. "सहा महिने झाले. घरी ठाऊक नाही. सिस्टरला दाखवला तर कापतील म्हणून..."

"आपण मिळून दाखवू. मी शेजारी उभी राहीन."

"राहशील? शब्द?"

"शब्द."

शेवटी सिस्टरनी वही उघडली. "आता आकडे वाचते. युलाली, दोनशे दहा." सिस्टरनी डोळे वटारले. "बॉयसी, तीनशे दहा. लेझामा, पंच्याण्णव!"

खोलीनं टाळ्या वाजवल्या. शर्नेलच्या डोळ्यांत पाणी आलं. शंभरात पंच्याण्णव! टँटीला आता अरिमाच्या बाजारातून ताठ मानेनं चालता येईल. तेवढ्यात तिला मान खाली घालून बसलेले अंकल बॉयसी दिसले, आणि मास्तरांची शिकवण आठवली.

"अंकल, तुम्ही का खट्टू झालात? तीनशे दहा मिळालेत की!" मग ती अडखळली. "कितीपैकी?"

"कितीपैकी?" अंकल बॉयसी तिच्याकडे बघतच राहिले. "पोरी, शुगर आहे ती! शुगर कधी कितीपैकी असते का?"

शर्नेलनं आपल्या बोटाकडे पाहिलं. मग अंकलच्या पायाकडे.

"म्हणजे हा अंगठा..."

"माझाच. जन्मापासून."

जीवशास्त्राची पदवी गाठीला असलेली मुलगी तासभर शुगरच्या पेशंटांना नट समजत होती. तिनं घड्याळ पाहिलं. खरी मुलाखत संपायला वीस मिनिटं होती. "माझी मुलाखत!" म्हणत ती ताडकन उठून दाराशी धावली.

"जा, जा," अंकल बॉयसी चप्पल चढवत म्हणाले. "मी दाखवीन पुढच्या गुरुवारी."

शर्नेलचा हात दाराच्या कडीवर होता. पुढचा गुरुवार कधी उजाडणार नाही, हे तिला पक्कं कळलं. आणि कॉलेजची चौथी खेप नाही, हेही. तिला रडूच कोसळलं. तीन वर्षांची मेहनत, टँटीची गाडी, सगळं त्या दाराच्या पलीकडे होतं. ती रडतच परत फिरली.

"काढा ती चप्पल! सिस्टर, इकडे या, आत्ता!"

अंकलना ढकलखुर्चीत बसवून सर्जनकडे नेईपर्यंत तिचा हात त्यांच्या मुठीत होता. सर्जन म्हणाले, अंगठा वाचेल, आठवडाभर उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं.

मग ती धावत उजवीकडच्या, मुलाखतीच्या खोलीशी पोचली. दार उघडं होतं, मुलाखत आटोपली होती, आणि परीक्षक मंडळाच्या अध्यक्ष बाई एका सहासष्ट वर्षांच्या टकलू गृहस्थाचा हात हातात घेऊन गदागदा हलवत होत्या. गृहस्थांच्या छातीवर चिठ्ठी होती, 'लेझामा एस.' फाटकावरच्या बाईनं वरच्या कागदावर आधीच खूण झालेली पाहून सेल्विन लेझामांना दुसऱ्या कागदावर शोधलं होतं आणि इकडे धाडलं होतं.

"अगं, काय ही आजकालची मुलं!" शर्नेलनं विचारायच्या आत अंकल सेल्विन सुरू झाले. "बाईंनी विचारलं, दवाखान्यात डॉक्टर एक आणि पेशंट साठ, तर काय कराल? पाचही जण एकमेकांना म्हणतात, 'आधी तुम्ही', 'छे, आधी तुमचं ऐकायला आवडेल'! दहा मिनिटं हेच! मी पहाटेपासून उपाशी, शुगर तपासायची म्हणून. शेवटी म्हटलं, मीच सांगतो. वीस वर्षं त्या रांगेत उभा आहे मी!"

पाचही जण अर्थातच फिट्झरॉय मास्तरांचे विद्यार्थी होते.

"बाई, तुमच्या यादीतली लेझामा मी आहे," शर्नेल अध्यक्ष बाईंना म्हणाली. "हे शुगरचे पेशंट आहेत!"

"लेझामा एस. ह्यांची मुलाखत झाली. उत्तम झाली."

"पण ह्यांचं वय तरी बघा!"

"वय विचारायला आम्हाला बंदी आहे," बाई म्हणाल्या, पण बोलता बोलता त्यांचाच चेहरा पडला. तेवढ्यात सिस्टर एगार्ड धापा टाकत आल्या आणि त्यांनी आपली वही बाईंपुढे धरली. शुगर ग्रुपमध्ये नव्या आलेल्या प्रत्येकाबद्दल त्या चार ओळी लिहून ठेवत. बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं, वही काखेत मारली आणि निघून गेल्या.

सहा आठवडे गेले. बाकीच्या पाचांना होकार-नकाराची पत्रं आली. शर्नेलला पत्र नाही. होकार कळवायची शेवटची तारीख सोमवार. रविवारी सकाळी ती गाडीवर बेक लाटत होती आणि टँटी मर्ल गिऱ्हाइकांना सांगत होती, "डॉक्टरकीत काही राम नाही हो आजकाल." इतकं वाईट शर्नेलला दोन्ही वेळच्या शेऱ्यांनीही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात मॅक्सी टॅक्सीतून अंकल सेल्विन उतरले.

"सापडलीस एकदाची! पत्ता नाही, गाव नाही. सकाळपासून दिसेल त्याला विचारतोय, 'लेझामांची एक मुलगी आहे, कोणाची ती?' अकराव्या माणसानं ह्या गाडीचं नाव घेतलं." त्यांनी कोटाच्या खिशातून पाकीट काढलं. "हजेरीच्या कागदावर पत्ता मी लिहिला होता ना. हे माझ्याकडे आलं. वर लिहिलंय, एस. लेझामा, मेडिकलला प्रवेश मंजूर."

"उघडलंत?"

"उघडणार नाही तर काय! दोन दिवस डॉक्टर होतो मी. बायकोनं तर मला 'अहो' म्हणायला सुरुवात केली. मग दुसरं पान वाचलं." त्यांनी चष्मा लावला. "'सिस्टर एगार्ड ह्यांच्या नोंदीनुसार आपण कमी बोलता, सगळ्यांचं ऐकता, आणि पेशंटला दिलेला शब्द स्वतःचं नुकसान सोसून पाळता.' कमी बोलणं काही माझ्यात बसेना. म्हटलं, हे त्या पोरीचं."

टँटी मर्लनं कढईखालचा जाळ बंद केला, पत्र हिसकावलं आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून मोठ्यांदा वाचायला लागली. एक मॅक्सी थांबली, दुसरी थांबली, कुणी भोंगा वाजवला नाही. शर्नेल हसत होती आणि पिठाच्या हातांनी डोळे पुसत होती.

तिनं बेकची बशी अंकलपुढे ठेवली. "बसा अंकल, आणखी काय देऊ?"

"दे काहीही, गोडसुद्धा चालेल. आता पथ्य सुटलं माझं! त्याच दिवसाचा आकडा नंतर हातात पडला, पंच्याण्णव! सहा आठवडे रोज टूलम खातोय. युलाली मला अर्ध्या किमतीत देते."

शर्नेलचं हसू मावळलं. "अंकल, ते पंच्याण्णव माझे."

"तुझे?"

"तुमच्या नावावर लिहिले गेले. तुमची शुगर त्या दिवशी कुणी तपासलीच नाही! टँटी, तुझं मशीन आण."

टँटीचं शुगरचं मशीन गाडीच्या खणातच असे. शर्नेलनं अंकलचं बोट धरलं, टोचलं, आणि आकडा येईपर्यंत तिघंही मशीनकडे बघत राहिली.

"किती आले?"

"तीनशे अठरा."

अंकल सेल्विननी मशीन डोळ्यांशी धरलं. शर्नेलचा त्या दिवशीचा एक प्रश्न अंकल बॉयसींनी शुगर ग्रुपमध्ये सगळ्यांना ऐकवला होता. सेल्विननी हळूच मान वर केली आणि आशेनं विचारलं, "कितीपैकी?"

शर्नेलनं त्यांच्या पुढ्यातली बशी उचलली. मग ती अर्धा तास बोलली. न थांबता, टँटीला, अंकलना, गिऱ्हाइकांना, कुणालाही मध्ये एक शब्द न बोलू देता. शेरा लिहायला तिथे कोणी नव्हतं.