सुलभाबाईंच्या दोरीवरचे तारे

त्या दिवशी खोलीत आमी तिघी होतो. कालेजात शिकवनाऱ्या सुलभाबाई, खालची घरमालकीन हमीदाबी, आनि मी ठमी, बाईंची भांडी-लादी करनारी. मी सांगते, नात लिवते.

सगळं पनवेल दोरीवर कपडे वाळत घालतं. बाई तारे घालायच्या. कपडे खुर्चीवर, आनि दोरीला चिमट्यांनी कागद. आभाळात सोडलेल्या यंत्रानं ताऱ्यांचे एक्सरे टिपलेले, ते परदेशातून टपालानं यायचे.

"वय सांगा आधी," हे बाईंचं पालुपद. दूधवाल्यालाबी तेच, ताऱ्यालाबी तेच. दाराकडं संसारी तारे, आपल्या सूर्यावानी शांत. मधी तरने. "हे फार दंगा करतात, ठमाबाई. एक्सरे नुसते उधळतात." खिडकीपाशी तान्हे, अजून धुळीच्या दुपट्यात. त्यांचे कागद कोरेच.

"कोऱ्या कागदाला चिमटे कशाला, मास्तरीन?" हमीदाबी चिडवायची. "माझी चादर तरी वाळंल."

"आत तारा आहे. धुळीतून उजेड येत नाही, एक्सरे येतात. मला एक ठिपका हवाय."

तान्हे तारे एक्सरे टाकतच नाय, असं तारे शिकलेली मोठी मोठी मानसं म्हनत होती. बाई चार वर्सं अडून बसल्या होत्या.

मी म्हनलं, "भट्टी वरून लिंपली की जाळ दिसत नाय. हात लावा, मंग कळतं." माझा जलम वीटभट्टीवर गेला. बाईंनी ते वहीत लिवून घेतलं. मी दोन दिवस ताठ चालत होती.

मंग त्या दिवशी मीच घोळ केला. हमीदाबीनं सुके बोंबील दिले, ते मी खिडकीपासच्या नव्या कागदात बांधले. कोराच वाटला. बाई आल्या. "ठमाबाई, इथला कागद?"

पुडी सोडली. बाई भिंग घेऊन वाकल्या. मधोमध तिळाएवढा ठिपका.

"बोंबलाचा डाग असंल गं," हमीदाबी म्हनाली.

बाईंनी ओल्या फडक्यानं पुसलं. बोंबील निघाला. ठिपका ऱ्हायला. बाई वाळत्या कपड्यांवरच बसल्या.

मी म्हनलं, "वय सांगा आधी."

"लाखभर वर्षं. म्हणजे अगदी तान्हा."

"माझी धुरपी सा म्हयन्यांची गेली. भट्टीच्या धुळीत. गोनपाटात गुंडाळून ठेवायची मी तिला."

बाईंनी शिसपेन्शील घेतली, ठिपक्याखाली कायतरी लिवलं.

"काय लिवलं?"

"धुरपी. माझ्याकडे ठेवायला दुसरं नाव नाही."

कागद परत दोरीवर गेला. खिडकीखाली म्हयनाभर मांजरी बसून. पुढं मोठ्या मानसांनीबी मानलं, तान्हे तारे एक्सरे टाकतात. आमची बाई आधीपासून सांगत होती.

आता बाई नाय. त्यांचे कागद गठ्ठे बांधून कुटं गेले, मला ठाव नाय. कोनाच्या हाती बोंबलाचा वास येनारा कागद लागला, तर कोरा समजून टाकू नका. त्यात माझी पोर हाय.