बायकोनं सोडलंय

आवक-जावक विभागातल्या कारकुनानं एका सोमवारी ठरवलं, की आता साधा भूतकाळ वापरायचा नाही. जे काय सांगायचं ते प्रेझेंट परफेक्टमध्ये.

त्याला कारणही तसंच होतं. हेडक्लार्क निवृत्त होत होते, आणि नव्या साहेबांनी जाहीर केलं होतं, की ज्याचे निरोप चोख इंग्रजीत येतील त्याला ती खुर्ची. (खुर्चीला दोन्ही हात होते. कारकुनाच्या खुर्चीला गेली अठरा वर्षं एकच होता, तोही डावा.) शर्यतीत दुसरा फक्त स्टोअरकीपर. त्याचं इंग्रजी 'ओके सर'पाशी सुरू होऊन तिथंच संपायचं. शिवाय कारकुनाची बायको शाळेत इंग्रजी शिकवणारी. म्हणजे दुधात साखरच.

"सोपं आहे," वह्या तपासता तपासता बायको म्हणाली. "काम होऊन गेलेलं असतं, पण परिणाम अजून शिल्लक असतो. मग हॅव किंवा हॅज घ्यायचं आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप."

"म्हणजे, आय हॅव वॉश्ड द प्लेट्स?"

"तुम्ही कधी धुतल्यात? तुमच्या वाक्यात मध्ये नॉट येतो."

पण कारकून पेटला होता. आंघोळ करून आला की 'आय हॅव टेकन बाथ' म्हणून घरभर कळवायचा. जिन्यातल्या मांजरालासुद्धा त्यानं 'यू हॅव कम?' असं विचारलं. मांजर तेव्हापासून दुसऱ्या जिन्यानं जातं.

गुरुवारी घोळ झाला. सोमवारी आणि गुरुवारी बायको त्याला स्कूटरवरून ऑफिसच्या दारात सोडत असे. त्या दिवशी तिलाच उशीर झाला होता, म्हणून तिनं त्याला मधल्या चौकात उतरवलं, हातात डबा दिला आणि ती शाळेकडे वळली. आता ऑफिसला पोचायला उशीर होणार, म्हणजे साहेबांना निरोप धाडणं आलं. कारकुनानं वाक्यं आधी मनात मराठीत जुळवली: बायकोनं मला अर्ध्या वाटेवर सोडलंय, मी चालायला लागलोय, तिनं डबा दिलाय. मग सोडणे म्हणजे लीव्ह, त्याचं तिसरं रूप लेफ्ट, असं करत त्यानं इंग्रजीत पाठवलं:

'सर, माय वाइफ हॅज लेफ्ट मी हाफवे. आय हॅव स्टार्टेड टु वॉक. शी हॅज गिव्हन टिफिन.'

तीन वाक्यं, तिन्ही परफेक्ट. तो शीळ घालत निघाला.

ऑफिसात शिरला तर मागूनही पाणी न देणाऱ्या शिपायानं न मागता ग्लास पुढे केला. साहेबांनी आत बोलावून स्वतः खुर्ची ओढून दिली.

"सिन्स व्हेन?" साहेबांनी हळुवारपणे विचारलं.

सिन्स. प्रेझेंट परफेक्टचा लाडका शब्द. "सिन्स नाइन थर्टी, सर."

"पण झालं काय?"

"तिला घाई होती, सर."

"याआधी असं कधी?"

"शी हॅज लेफ्ट मी मेनी टाइम्स, सर. दर सोमवारी आणि गुरुवारी."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "अँड नाऊ? फॉर गुड?"

फॉर गुड म्हणजे कायमचं, इथपर्यंत शिकवणी पोचली नव्हती. कारकुनाचा हात पोटावरून फिरला. "येस सर, व्हेरी गुड. चालून वजन उतरेल."

"धीराचे आहात," साहेब गहिवरून म्हणाले. "पंधरा दिवस रजा घ्या. अशा वेळी हेडक्लार्कीचं ओझं तुमच्यावर टाकणार नाही मी." त्यांनी स्टोअरकीपरला बोलावून ते ओझं त्याच्यावर टाकलं.

"ओके सर," स्टोअरकीपर म्हणाला आणि हेडक्लार्क झाला.

संध्याकाळी कारकून घरी आला तेव्हा बायको दारातच उभी होती.

"तुमच्या साहेबांचा शाळेत फोन आला होता. म्हणे, ताई, राग सोडा, माणूस साधा आहे. काय लिहिलंत तुम्ही?"

त्यानं मोबाइल पुढे केला. तिनं वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, वाटेत सोडलं म्हणजे ड्रॉप्ड. लेफ्ट म्हणजे टाकून गेली."

कारकून मटकन खाली बसला. दोन्ही हातांची खुर्ची डोळ्यांपुढून निघून गेली आणि त्याला खरोखर रडू फुटायची वेळ आली. तरी एक आशा उरली होती.

"पण टेन्स तरी बरोबर आहे ना?"

बायकोनं निरोप पुन्हा वाचला. "नाही. इथं भविष्यकाळ हवा होता."

सोमवारी साहेबांना सगळं समजावून सांगायचं म्हणून तो हेल्मेट घालून खाली आला, तर स्कूटर कोपऱ्यावरून वळताना दिसली. मागची सीट रिकामी होती. थोड्या वेळानं मोबाइल वाजला. शाळेजवळ पोचल्यावर बायकोनं लिहिलं होतं: 'नाऊ द टेन्स इज करेक्ट.'

कारकुनानं हेल्मेट काढलं, बराच विचार केला आणि उत्तर लिहिलं:

'ओके सर.'