खडतकर मास्तरांचं ‘फेअरली गुड’

मे महिन्यातल्या नागपुरात, रस्त्यावरचं डांबर चपला धरून ठेवत असताना, “आज रादर वॉर्म आहे,” असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे शेजारी खडतकर मास्तर. डोक्याला ओला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, घामाने सदरा पाठीला चिकटलेला, आणि तोंडी हे ‘रादर वॉर्म’! मी एकदा वैतागून विचारलं, “मास्तर, मग व्हेरी हॉट कधी म्हणायचं?”

मास्तर शांतपणे म्हणाले, “अजून नवतपा यायचाय. व्हेरी आत्ताच खर्च केलंत, तर तेव्हा काय म्हणाल?”

नवतपा आला, मे अखेरचे ते नऊ जाळते दिवस. रात्रीसुद्धा भिंतींना हात लावायची सोय उरली नाही. मास्तर म्हणाले, “हं. आता व्हेरी म्हणायला हरकत नाही.”

जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. इंग्रजीत जोर देणारे जे शब्द असतात, त्यांत त्यांचा जीव अडकलेला. त्यांच्या हिशेबी ती उतरंडच होती. तळाशी फेअरली, त्यावर क्वाइट, मग रादर, व्हेरी, एक्स्ट्रीमली आणि पार वर अ‍ॅब्सोल्युटली. त्या वरच्या मडक्याला हात लावण्याइतकं या जगात काही घडत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मी ऑफिसातून येताना दिसलो की फाटकाशी अडवून धडा सुरू. “लोक जिथे तिथे व्हेरी टाकतात. सगळ्याच भाज्यांत मूठभर तिखट टाकलं, तर जिभेला कळणार काय?” सावजीचा रस्सा नाकाडोळ्यांतून पाणी काढत ओरपणाऱ्या गावात हा प्रश्न विचारायला छाती लागते.

कॉलनीत कुणाकडे लग्न निघालं की इंग्रजी पत्रिकेचा मसुदा त्यांच्याकडे जाई. ‘मोस्ट कॉर्डियली’ बोलावलेलं दिसलं की ते ‘मोस्ट’वर काट मारत. वधूपिता रुसला, तर म्हणत, “व्याह्यांना मोस्ट बोलवा. मला नुसतं बोलावलंत तरी मी येतो.” आणि खरंच येत. मांडव घालायच्या आधीच खुर्ची टाकून बसलेले असत.

काही शब्दांना मात्र ते व्हेरी लावूच देत नसत. “घर व्हेरी एम्प्टी नसतं हो,” ते मला समजावत. “एक तर एम्प्टी असतं, नाहीतर नसतं.” मी मान डोलावून सटकायच्या बेतात असे. पोटात कावळे ओरडत असताना व्याकरण कोणाला सुचतं?

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हाचं प्रताप नगर म्हणजे नुसते आखून ठेवलेले ले-आउट. घरं कमी, बाभळी जास्त. आमच्या आणि मास्तरांच्या घरात एका कुंपणाचं अंतर. त्यांची बायको वारलेली, मूलबाळ नाही. सकाळी स्टोव्हवर खिचडी टाकायची आणि तीच संध्याकाळी संपवायची, असा कारभार. माझी बायको कुसुम मौद्याकडच्या खेड्यातली. शेजारचा माणूस शिळं खातो आहे आणि आपण गरम जेवतो आहोत, हे तिच्या घशाखाली उतरेना. ती रोज काही ना काही वाटीत घालून पाठवू लागली.

आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. ती दुसऱ्या दिवशी कुंपणाशी जाऊन विचारी, “मास्तर, भाजी कशी झाली होती जी?”

“फेअरली गुड, सूनबाई.”

फेअरली म्हणजे काय, हे तिने मला विचारलं. मी मूर्खासारखं खरं सांगितलं, ‘बऱ्यापैकी.’ झालं! त्या दिवसापासून मास्तरांकडून ‘व्हेरी’ काढायचंच, असा तिने चंगच बांधला. पाटोडीचा रस्सा केला. फेअरली गुड. कोथिंबीर भरलेली सांबारवडी केली. रादर ऑयली. तिच्या माहेरी जिचं नाव निघायचं ती वांग्याची भाजी केली, तर मास्तर बराच वेळ विचार करून म्हणाले, “फेअरलीपेक्षा थोडी वर.” माझं मात्र या भांडणात भलतंच चांगलं चाललं होतं. इतकं चविष्ट मी आधी कधी जेवलो नव्हतो.

शेवटी तिने बेसनाचे गोळे घालून गोळाभात केला. वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल, सोबत कढी. सकाळपासून स्वयंपाकघरातून हलली नाही. भात गरम असतानाच स्वतः नेऊन दिला आणि तिथेच उभी राहिली. मास्तरांनी घास घेतला. डोळे मिटले. उघडले. म्हणाले, “क्वाइट गुड.”

कुसुम घरी आली ती पदराने डोळे पुसत. “काहून करून राहिली मी हे सगळं? भिंतीले घातलं असतं तर तीबी बोलली असती!” वाट्या बंद झाल्या.

मग मास्तर कुंपणाशी घुटमळू लागले. पेपर मागायला येत आणि तो तिथेच विसरून जात. फोडणीचा वास तिकडे गेला की त्यांची खुर्ची आमच्या बाजूला सरके. कुसुम खिडकी लावून घेई.

एका रविवारी दुपारी, आम्ही जेवायला बसणार एवढ्यात, मास्तर दारात. हातात आमच्या वाट्यांची चळत. भांडं रिकामं परत करू नये म्हणून प्रत्येकीत चिमूटभर साखर. ते आत येईनात, जाईनात.

“सूनबाई, रागावल्या काय?” ते म्हणाले. मास्तरांच्या तोंडी घरचं बोलणं मी पहिल्यांदा ऐकत होतो. “माह्या घरी पोट्टे येत शिकायले. ज्याचं चुके तो रोज येई. आमची ही त्याले चिवडा देई. एकदा एकाच्या निबंधावर मी ‘एक्सलंट’ लिहून देल्लं. लय खूश झाला. मग आलाच नाही. आता शिकाचं काय राहिलं, म्हने. तवापासून मी कोनाले पुरतं चांगलं म्हटलंच नाही. क्वाइटवर ठेवलं की मानूस परत येते.”

कुसुमने त्यांच्या हातून वाट्या घेतल्या.

“तुमच्या भाताचं भांडं मी बोटानं पुसून खाल्लं, सूनबाई. पन चांगला झाला म्हटलं असतं, तर तुमचं मन भरलं असतं. वाटलं, मग कोन येते आपल्याकडे?”

मला त्यांच्याकडे बघवेना. एवढा शिकलासवरलेला माणूस, आणि शेजारच्या वाटीसाठी जन्मभराची विद्या पणाला लावून बसला होता.

“मास्तर,” कुसुम म्हणाली, “मानूस काय मार्कासाठी वाटी देते काय जी? हातपाय धुवा अन् बसा.”

तिने माझ्याशेजारी पाट मांडला. साधंच जेवण होतं, वरण-भात आणि मेथीची भाजी. मास्तरांनी पुन्हा भात मागून घेतला आणि ते एकेक शीत मोजल्यासारखं जेवू लागले. ते जेवण लांबवत होते, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

आमचं कधीच झालं होतं. पण पंगतीत कुणाला एकटं टाकून उठू नये. बोटांवरचा भात वाळून गेला, तरी आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.