आठ नंबरची खोली

“तीन महिने वाट बघते, बाबा. तेवढ्यात बोलायला लागलात तर ठीक, नाहीतर हे घर बंद करून तुम्हाला माझ्याकडे नेणार.” लेकीने निक्षून सांगितलं आणि हातात चिठ्ठी ठेवली. आठ नंबरची खोली, मंगळवारी पाच वाजता. जोडीदार गेलेल्यांचं मंडळ तिथे भरायचं.

बाइंडरकाकांनी चाळीस वर्षं लोकांची फाटकी पुस्तकं शिवली होती. बायको गेली आणि त्यांनी स्वतःचं तोंडच शिवून घेतलं. चष्माही खिशात गेला. बघण्यासारखं उरलं काय होतं? पण घर सोडायचं नव्हतं. ते निघाले.

त्याच आठवड्यात, मंडळातल्या म्हाताऱ्यांना जिना चढवत नाही म्हणून मंडळ तळमजल्यावर हलवलं होतं. वरची आठ नंबरची खोली स्पॅनिशच्या पहिल्या वर्गाला मिळाली. तशी सूचना जिन्यापाशी लावलेली होती. चष्मा खिशात होता.

वर दहाबारा माणसं खाली माना घालून बसलेली. बाईंनी आपल्याला काही विचारू नये एवढीच त्यांची इच्छा. काकांना ती सगळी दुःखाने वाकलेली वाटली. समोर बाई एकेक चित्र उंच धरत होत्या. काकांना नुसते धुरकट ठिपके दिसले.

“ला मेसा.”

“ला मेसा,” सगळे पडेल आवाजात म्हणाले.

“ला सिया. ला कासा.”

काकांना अक्षर कळलं नाही. पण प्रार्थना तरी कुठे सगळी कळते? त्यांनी हात जोडले आणि पुटपुटायला लागले.

शेजारी बसलेली एक तरुण नर्स डोळे पुसत होती.

“रडू नका,” काका हळूच म्हणाले. “वेळ लागतो.”

“माझी ही तिसरी खेप आहे हो, काका.”

“तिसरी?”

“दोनदा नशिबाने दगा दिला. आता नाही जमलं तर नादच सोडणार.”

काका गारठले. या पोरीपुढे आपलं दुःख ते काय! पुढच्या मंगळवारी त्यांनी तिच्यासाठी सफरचंद कापून नेलं.

मग नेमच धरला. सकाळी आंघोळ झाली की बायकोच्या फोटोसमोर उभं राहायचं आणि अकरा वेळा म्हणायचं: ला मेसा, ला सिया, ला कासा. एक दिवस चुकला नाही. शेवटच्या मंगळवारी बाईंनी खूश होऊन एक कागद दिला. बरं झाल्याचा दाखला म्हणून काकांनी तो फोटोमागे जपून ठेवला.

शेजारणीने लेकीला फोन केला. “बोलतात गं तुझे बाबा. पण काय बोलतात ते देवालाच ठाऊक!”

लेक धावत आली. तिने काकांचा जप ऐकला, त्यांनी दाखवलेला कागद वाचला; त्यावर शिकवलेले शब्द अर्थासकट छापले होते.

“बाबा, हा स्पॅनिशचा वर्ग होता! उच्चारांत वर्गात पहिले आलात तुम्ही! काय जपत होतात माहितीये? टेबल, खुर्ची, घर!”

बाबा आता पुन्हा तोंड शिवून घेणार, म्हणून लेक घाबरली. काकांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि सगळीकडे एकदा नजर फिरवली.

“मग बाईंचं चुकलं काय?” ते म्हणाले. “तुझी आई गेल्यावर उरलंय तेवढंच.”

लेकीच्या तोंडून शब्द फुटेना.

बायको गेल्यापासून कुणीही न बसलेली खुर्ची काकांनी हाताने झटकली आणि लेकीकडे सरकवली.

“ला सिया. बस. आणि बोल काहीतरी,” ते म्हणाले. “तीन महिने देतो तुला.”