बोर्डावरची वीज

"ईज नाही गं आई, वीज. ईज अडाणी लोक म्हणतात," वामन म्हणाला, आणि गोजराबाईने ते मनात पक्कं धरून ठेवलं.

घणसोलीच्या तलावाकाठी बोर्ड लावायचं ठरलं होतं. मागल्या मे महिन्यात वळीव कोसळला, तेव्हा काठावरच्या जांभळावर वीज पडून नामाची म्हैस जागच्या जागी मेली. नामा थोडा लांब होता म्हणून वाचला, पण त्याचा डावा कान गेला. सोयीचं असेल तेव्हा तो उजवाही गेल्याचं सांगत असे. गावच्या मंडळाने ठरवलं, लोकांना सावध करायचं. मजकूर कोणी लिहायचा हा प्रश्नच नव्हता. बेलापूरच्या सरकारी कचेरीत कारकून असलेला गावात एकटा वामन.

वामनने आठवडाभर कागद खराब केले आणि लिहिलं: 'वीज असताना तलावाच्या काठी, पाण्यात अथवा वृक्षाखाली थांबण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' हुकूम कुणाचा, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पण हुकुमाशिवाय बोर्ड त्याला उघडाबोडका वाटला. आपल्याकडे बोर्ड लिहिणारा माणूस वाचणाऱ्यासाठी लिहीत नाही. दुसऱ्या बोर्ड लिहिणाऱ्याने मान डोलवावी म्हणून लिहितो. वाचणारा मेला तर तो अडाणी होता म्हणून मेला.

गावठाणात भाड्याने राहणारा सदू ट्रकच्या नंबरप्लेटी रंगवायचा. त्याने अक्षरं काढली आणि मागे सरून पाहिलं.

"भाऊ, खाली एक कवटी टाकू का? इलेक्ट्रिकच्या खांबावर असते तशी. लोकांना भ्या बसंल."

"टाक. हाडंपण टाक," वामन म्हणाला. कवटी झकास उतरली. नारळ फुटला. वामनने मजकूर खणखणीत आवाजात वाचून दाखवला आणि गोजराबाईने त्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं, "माझ्या वामनचा बोर्ड हाय. ऐकाचा सगल्यांनी."

बोर्ड लागला त्याच उन्हाळ्यात तलावावर नळपाण्याचा पंप बसला होता. त्याची वायर जांभळाच्या फांदीवरून नेली होती. पंपाच्या पाइपला हात लागून शेजारच्या काशीला असा झटका बसला, की ती दोन दिवस नवऱ्याशीसुद्धा भांडली नव्हती. या गोष्टीचा बोर्डाशी काही संबंध आहे, असं वामनच्या डोक्यातही आलं नाही.

मे संपत आला होता. संध्याकाळी वामन बसमधून उतरला तेव्हा पारसिकच्या डोंगरावर आभाळ काळंठिक्कर झालं होतं. वाऱ्याने कुणाच्या तरी पडवीचा पत्रा रस्त्यावर आणून टाकला होता. गावात लाईट नव्हती. घर उघडं, आत कोणी नाही. ओटीवर राखणीला बसवलेला नामा एकटा बिडी ओढत होता.

"नामाकाका, आई कुठंय? पुतळा कुठंय?"

"आँ?"

"आई! माझी बायको! कुठं गेल्या?"

"तलावाव. समद्याच गेल्या. काशीच्या पोरीची हलद हाय ना, नलाला पानी नाय."

"या असल्या आभाळात? बोर्ड वाचला नाही?"

"वाचला म्हनून तं गेल्या," नामा म्हणाला. "लाईट गेली, पंप बंद, नल सुका. लाईट नाय म्हंजे तलावाव धोका पन नाय. तूच लिवलंस."

"अहो, ती वीज नव्हे! आभाळातली वीज!"

"आभालातली ती ईज. बोर्डावरची वीज म्हंजे लाईट. कवटी नाय का काढली? तुझी आयस सांगत होती, माझा पोर बोलला, ईज येगली आन वीज येगली."

वामनने छत्री उचलली आणि धावत सुटला.

तलावात बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पितळी हंडे भरत होत्या. गोजराबाई जांभळाखाली भरलेल्या हंड्यांची राखण करत बसली होती. खाडीकडून एक लखलखाट आला आणि मागोमाग गडगडाट. वामन थेट बोर्डाजवळ गेला, म्हणजे जांभळाखालीच, आणि उघड्या छत्रीनिशी ओरडला, "वीज! अहो, वीज!"

बायांनी एकदम पंपाच्या खोलीकडे पाहिलं.

"कुटं आली? दिवा तं पेटला नाय," काशी म्हणाली.

"वीज आहे म्हणतोय ना! बाहेर या!"

"तुमच्या हापिसात आली आसंल, भावजी." बाया खिदळल्या.

वामन घाबरला की त्याची भाषा आणखी शुद्ध होत असे. "विनोद नको! जीवितास धोका आहे!"

"कोनाच्या जिवाला?" पुतळा पाण्यातून किंचाळली. "अवं, सरल बोला ना! घरी कोन गेला का?"

"अगं माझे बाय, नामा गेला!" गोजराबाईने गळा काढला. दोघीतिघींनी लगेच साथ दिली. पाण्यातून मात्र एकही बाई हलली नाही. रडायला घरी कशाला जायचं?

एवढ्यात वामनच्या हातावरचे केस ताठ उभे राहिले. छत्रीच्या काड्या गुणगुणू लागल्या. त्याने छत्री भिरकावून दिली. मग शाळेत जाण्याआधीपासून घशात राहिलेला एक आवाज आपोआप बाहेर पडला.

"आये! ईज! ईज पडल गो! पला!"

क्षणात तलाव रिकामा झाला. हंडे पाण्यात, बाया काठावर, काठावरून रस्त्यावर. गोजराबाईने जाता जाता लेकाची कॉलर धरली आणि त्याला ओढत नेलं. "मेल्या, झाडाखाली काय उभा ऱ्हातंस? तूच लिवलंस ना!"

सगळ्या शाळेच्या पक्क्या खोलीत शिरल्या आणि मागे कानठळ्या बसवणारा आवाज झाला. खिडकीतून दिसलं, जांभूळ मधोमध चिरलं होतं. गोजराबाई बसली होती तिथली माती उडाली होती. बोर्ड तलावात पडला होता आणि कवटी तेवढी वर तरंगत होती.

ओल्या लुगड्यांतून पाणी ठिबकत होतं. पुतळा पदर पिळत होती, आणि तिच्याकडे बघायची वामनची हिंमत होत नव्हती.

शेवटी काशीने विचारलं, "मंग बोर्डाव ईजच का नाय लिवली?"

सगळ्यांनी वामनकडे पाहिलं. वामनने भिंतीकडे पाहिलं. तिथे मुळाक्षरांचा तक्ता होता आणि त्यात ई ईडलिंबूचा होता. त्याने नजर जमिनीकडे वळवली.

"त्याला कोनी बोलू नका," गोजराबाई म्हणाली. "मीच अडाणी. मलाच समजला नाय."

तिने शिव्या दिल्या असत्या तर वामनला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सदूने नवी फळी आणली. वामनने आईला समोर बसवलं आणि ती म्हणेल तसं लिहून घेतलं. रंग वाळल्यावर ती म्हणाली, "वाच."

"ईज कडाडली का पान्यात नि झाडाखाली थांबू नको. हंडा ठेव नि घरी ये."

"भाऊ, हुकुमावरून?" सदूने ब्रश तयार ठेवला होता.

"नको."

"कवटी?"

"नको म्हणतो ना!"

गोजराबाईने बोर्ड वामनकडून पुन्हा एकदा वाचून घेतला. तिला समाधान वाटलेलं दिसलं. मग तिच्या चेहऱ्यावर काळजी आली आणि ती वामनच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "बरा लिवलंस रं. पन माझ्यासारका लिवलंस. तुझ्या हापिसातले बघतील तं हसतील ना तुला?"

'हसू दे' म्हणायला वामनने तोंड उघडलं. पण त्याआधी कचेरीतलं कोणी येत नाही ना, म्हणून त्याने रस्त्याकडे पाहिलं.