कारण नको, तारीख सांगा

महिन्याच्या एक तारखेला दौलतरावांनी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसलं आणि काळी टोपी झटकून डोक्यावर ठेवली, की आमच्या ओळीत सगळ्यांना कळायचं : यांच्याकडे भाड्याचे पैसे नाहीत. पैसे असलेला माणूस कसाही गेला तरी चालतो, असं त्यांचं म्हणणं. नसलेल्यानं नीट जावं.

यवतमाळात एका जिनामागे, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यामागे, आप्पाजींच्या खोल्यांची ओळ होती. आप्पाजी पूर्वी कापसाचे दलाल. आता भाड्यावर जगत आणि ओळीच्या टोकाला आपल्या घराच्या ओट्यावर बसत. मी नागपूरच्या एका दैनिकाला जिल्ह्याच्या बातम्या पाठवत असे. माझ्या शेजारच्या खोलीत दौलतराव एकटे राहत. ते जिनात फिटर होते. दिवाळीनंतर जिन सुरू झालं की त्यांना जेवायला फुरसत नसे. उन्हाळ्याच्या तोंडी ते बंद पडलं की विहिरीवरची इंजिनं, सायकली, जे येईल ते दुरुस्त करत. अर्धी ओळ या हंगामावरच जगायची. त्यामुळे पावसाळ्यात भाडं थकणं ही काही बातमी नव्हती.

भाडं थकलं की बाकीचे लोक आप्पाजींना पाहून गल्ली बदलत. दौलतराव त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत, आणि जाताना अशाच एखाद्या गल्ली बदलणाऱ्याला धरून नेत.

"चाल, माझंही राह्यलं हाय. संगंच जाऊ."

नेण्याआधी त्याची तालीम होई. दौलतराव बादली पालथी घालून तिच्यावर आप्पाजी होऊन बसत आणि समोरच्याला बोलायला लावत. तो सासऱ्याच्या दम्यापासून सुरुवात करी. दौलतराव हात वर करत. "कारण नको, तारीख सांग. सासऱ्याचा दमा आप्पाजीच्या काय कामाचा?"

त्यांचं शास्त्र ठाम होतं. मालक दारात येण्याआधी आपण त्याच्या दारात जायचं. अर्धे असले तर अर्धे द्यायचे आणि पावती मागायची. ज्या दिवशी पैसा हाती येणार त्या दिवसाची तारीख द्यायची नाही, दोन दिवस पुढची द्यायची. कारण पैसा आला त्या दिवशी किराणावालाही हजर असतो. खोटं आजारपण सांगायचं नाही. "आपण विसरतो, मालक विसरत नाही. मंग मेलेला काका पुढच्या वर्षी पुन्हा बिमार पडते."

हे शास्त्र ज्याच्यावर अजिबात चढलं नाही तो म्हणजे सुखदेव शिंपी. त्याचं तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं आणि त्यानं स्वतःची युक्ती काढली होती. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचं आणि बायकोसह मागच्या दारानं ये-जा करायची. आप्पाजी यावेत, कुलूप पाहावं, परत जावं.

आप्पाजी आले, कुलूप पाहून परत गेले. पुन्हा आले, तरी कुलूपच. भाडं बुडवून जोडपं पळालं, असा त्यांनी अर्थ काढला. एका सकाळी सुखदेव गिऱ्हाइकाकडे आणि त्याची बायको नळावर असताना त्यांनी दोन्ही दारांना आपली कुलपं ठोकली.

पोळा आठवड्यावर आला होता. शिलाई मशीन आत, बेतलेली कापडं आत, आणि शिंपी बाहेर. सुखदेवची बायको भरलेली घागर घेऊन दारात उभी होती. घागर खाली ठेवायलाही तिला आपलं घर नव्हतं.

दौलतरावांनी दाढी केली. सुखदेवला घेऊन ते आप्पाजींच्या ओट्यावर निघाले, मीही सोबत गेलो.

"पळून नाही गेलता तर गेलता कुठं?" आप्पाजींनी सुखदेवला विचारलं.

"आप्पाजी, तसं नाही, माही मावशी उमरखेडले..."

"कोणती? मागच्या साली मेली ते?"

दौलतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आप्पाजी, आधी माहं ऐका. माहंही राह्यलं हाय, दिवाळीनंतर देतो. आता याचं. हा पळाला नव्हता, घरातच होता."

"घरात? अन् कुलूप?"

"त्यानंच लावलं. तुमच्या भेवानं."

आप्पाजी सुखदेवकडे वळले. "म्हणजे मी बाहेरून आवाज देऊन राह्यलो होतो, तवा तू आत होता?"

"जेवून राह्यलो होतो," सुखदेव म्हणाला. तेवढं एक वाक्य त्यानं खरं सांगितलं.

आप्पाजींना हसू आवरेना. दौलतरावांनी तेवढ्यात काम उरकलं. मशीन कोंडून भाडं मिळणार नाही. मशीन चाललं तर पोळ्याची शिलाई येईल. "तारीख सांग रे." सुखदेवनं पोळ्यानंतरचा तिसरा दिवस सांगितला, एका महिन्याचं तेव्हा, उरलेलं दिवाळीला. आप्पाजींनी किल्ल्या दिल्या. अट एकच घातली : यापुढे पुढच्या दारानं यायचं-जायचं. ठरल्या दिवशी सुखदेव पैसे घेऊन गेला. पुढच्या दारानं.

त्यानंतर मी माझं भाडं द्यायला गेलो, तेव्हा सहज म्हणालो, "दौलतरावांचंही जरा सांभाळून घ्या."

"दौलतरावाचं काय सांभाळायचं?" आप्पाजी म्हणाले. "होळीच्या सुमारास जिन बंद होते, तवाच दिवाळीपर्यंतचं सारं भाडं देऊन जाते तो. कधी राह्यलं नाही त्याचं."

"पण दर महिन्याला ते येऊन सांगतात..."

"सांगते. मीही बरं म्हणतो. चारचौघांत बोलायचं नाही, असं त्यानं मले बजावून ठेवलं हाय."

दौलतरावांना त्या ओट्यावर एकटं गेलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

संध्याकाळी ते दारात एका सायकलचं चाक उघडून बसले होते. मी सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही.

"एकट्यानं जायले लाज वाटते, भाऊ. दोघं असले का कमी वाटते." छऱ्यांना ग्रीस लावत ते पुढे बोलले. "लग्न नवं होतं. मी पांढरकवड्याच्या जिनात, ती इथं खोलीवर. आप्पाजीची नाही, दुसऱ्याची खोली. माहा पगार अडकला. मालक रोज दारात. एक दिवस त्यानं तिले बोलावून घेतलं. सारी दुपार त्याच्या ओट्यासमोर उभी होती म्हणते. ओळीतलं कोणी संगं गेलं नाही. मंग दारव्ह्याले माहेरी गेली. मी आणायले गेलतो."

"मग?"

"नाही आली. तिनं इचारलं, तुम्ही काहून नाही आले. मी कारणं सांगून राह्यलो होतो."

त्यांनी चाक जोडलं, फिरवून पाहिलं आणि हात पुसत उठले. "चहा घेता काय?"

मी आत जाऊन बसलो. त्या खोलीत मी पहिल्यांदाच गेलो होतो. दौलतरावांनी फडताळाच्या मागच्या कोपऱ्यातून दुसरी कपबशी काढली. ती आधी धुवावी लागली.